खांदेरी-उंदेरी : होडीतून वाचलेली तवारीख

अलिबाग तालुक्यातल्या थळच्या किनाऱ्यावर उभे राहिले की समोर दोन बेटे दिसतात. जवळचे, ठेंगणे आणि खडकाळ ते उंदेरी. पलीकडे खोल पाण्यात, दोन टेकड्यांचे आणि दीपगृहाचे ते खांदेरी. मुंबई बंदराच्या दक्षिणेकडच्या वाटेवर ही बेटे जणू पहाऱ्यावर बसली आहेत. दिवाळीच्या सुटीत आम्ही सहकुटुंब तिथे गेलो आणि एका कोळी तांडेलाची लहानशी होडी ठरवून दोन्ही बेटांचे किनारे पाहिले. मात्र इथे प्रवासवर्णन लिहिण्याचा आमचा इरादा नाही. त्या होडीत एक सवाल उभा राहिला, त्याविषयी लिहायचे आहे.

आम्ही उर्दू शाळेत शिकवतो. चौथीचे शिवछत्रपतींचे पुस्तक आमच्या वर्गात उर्दूतून असते. मुले ते आवडीने वाचतात. पण शाळेबाहेर, चौकात आणि टीव्हीवर त्यांच्या कानावर दुसराच इतिहास पडतो. त्यात फक्त दोन बाजू असतात, आणि मुलाने आपले नाव सांगितले की त्याची बाजू आधीच ठरलेली असते. होडीत आम्ही खांदेरीच्या लढाईची गोष्ट सांगत होतो. एकीकडे शिवाजी महाराज, दुसरीकडे सिद्दी आणि इंग्रज, इथपर्यंत आलो तोच धाकट्याने विचारले, "अब्बू, मग ह्यात आपली बाजू कुठली?"

ह्या सवालाचा जवाब द्यायचा तर १६७९ साली जावे लागते.

खांदेरीवर किल्ला बांधण्याचा प्रयत्न महाराजांनी १६७२ मध्येच केला होता, पण इंग्रज आणि सिद्दी आडवे आले. ऑगस्ट १६७९ च्या अखेरीस मायनाक भंडारी सुमारे दीडशे माणसे आणि चार लहान तोफा घेऊन बेटावर उतरले. वेळ हेरून निवडली होती. पावसाळा पुरता सरलेला नव्हता, दर्या खवळलेला होता, मोठ्या जहाजांना बेटाजवळ ठरणे मुश्किल होते. मुंबईच्या इंग्रजांनी बेट आमचे आहे असा दावा सांगितला आणि वाट अडवायला जहाजे पाठवली. १९ सप्टेंबरला बेटावर उतरू पाहणारा त्यांचा लेफ्टनंट थॉर्प मारला गेला.

खरी लढाई १८ ऑक्टोबरला झाली. मराठी आरमाराची चाळीस-पन्नास गलबते भल्या पहाटे किनाऱ्याकडून निघाली आणि इंग्रजांच्या जहाजांवर तुटून पडली. त्यांचा सरदार होता दौलतखान. इंग्रजांचे 'डव्ह' हे जहाज मराठ्यांच्या हाती लागले. त्यांची बाकीची तारवे पांगली. पण कॅप्टन मिंचिन आणि कॅप्टन केग्विन ज्यावर होते ते 'रिव्हेंज' हे मोठे जहाज एकटे झुंजत राहिले. त्याच्या तोफांनी काही मराठी गलबते बुडवली आणि बाकीच्यांना नागोठण्याच्या खाडीपर्यंत मागे रेटले. त्या दिवसापुरते पाहिले तर इंग्रजांनी मैदान राखले असे म्हणावे लागेल.

मग बेट का पडले नाही? ह्याचे उत्तर किताबापेक्षा आम्हाला होडीने चांगले समजावले. उंदेरीच्या अंगाला पाण्याखाली खडक आहेत. ओहोटीला त्यांची काळी डोकी वर येतात. तांडेलाने इंजिन बंद केले, वल्ही हातात घेतली आणि खडकांमधून होडी अशी काढली की कुठे घासलीसुद्धा नाही. मोठ्या जहाजाला तिथे शिरता येत नाही. त्याला खोल पाणी हवे आणि वारा हवा. लहान होडीला हातभर पाणी पुरते, आणि वारा पडला तरी वल्ही असतात. १६७९ च्या त्या महिन्यांत हेच घडत होते. रात्र झाली की किनाऱ्यावरून लहान होड्या निघायच्या, धान्य, दारूगोळा आणि माणसे खांदेरीवर पोहोचवायच्या आणि उजाडायच्या आत उथळ पाण्यात परत यायच्या. ह्या चपळ होड्या आपल्याला गाठता येत नाहीत, अशी तक्रार इंग्रजांच्या पत्रांत वाचायला मिळते. तोफांच्या जोरावर एक दिवस जिंकता आला, पण रोज रात्री वल्ही मारणाऱ्यांपुढे इलाज चालला नाही. अखेर १६८० च्या सुरुवातीस इंग्रजांनी वेढा उठवून सलोखा केला. खांदेरी स्वराज्यात राहिली.

आता माणसे पाहा. बेटावर मायनाक भंडारी, आरमारावर दौलतखान. एक हिंदू, एक मुसलमान, आणि मालक एकच. दौलतखान नावापुरता सरदार नव्हता. खांदेरीची रसद आणि समुद्रावरची लढाई ही मोठी जोखीम त्याच्या शिरावर होती. समोर जंजिऱ्याचा सिद्दी कासम. औरंगजेबाने त्याला याकूतखान हा किताब दिला होता. तोही नोव्हेंबरात इंग्रजांच्या मदतीला आला. पण दोस्ती कसली! खांदेरी सिद्दीने जिंकली तर तो ती स्वतःच ठेवून घेईल, ही धास्ती इंग्रजांना होती. जानेवारी १६८० मध्ये सिद्दीने कुणाला न विचारता उंदेरी ताब्यात घेतली आणि तटबंदी सुरू केली. त्याला हुसकावण्यासाठी चालून गेला तो पुन्हा दौलतखानच. त्या हल्ल्यात तो जखमी झाला, पण उंदेरी हाती आली नाही. म्हणजे उंदेरीसाठी दोन मुसलमान सरदार समोरासमोर लढत होते, एक महाराजांसाठी आणि एक मोगलांच्या किताबासह स्वतःच्या जंजिऱ्यासाठी. ह्या लढाईला धर्मयुद्ध म्हणायचे तर कोणत्या धर्माचे?

सिद्दीची बाजू झाकावी असे आमचे म्हणणे नाही. हबसाणातून आलेल्या ह्या माणसांनी ह्या किनाऱ्यावर राज्य टिकवले, त्यांची दर्यावरची हिंमत खरी होती. त्यांच्या स्वाऱ्यांनी किनाऱ्यावरची गावे होरपळली, हेही खरे. रयत लुटली गेली तेव्हा तिचा मजहब कुणी विचारला नाही. एवढे सगळे एकत्र सांगण्याची तयारी असेल तरच इतिहास शिकवावा.

आणखी एक पुरावा दर्यावरच्या माणसांच्या तोंडात आहे. आमचा तांडेल बोलत होता आणि आम्ही उर्दूचे शिक्षक म्हणून कान देऊन ऐकत होतो. दर्या, बंदर, लंगर हे शब्द फारसी. खलाशी, तुफान आणि सुकाणू अरबीतून आलेले. होडीचा मालक तो नाखवा, म्हणजे फारसीतला नाखुदा. 'जंजिरा' म्हणजे अरबीतला जझीरा, बेट. मराठी आरमारातली 'गुराब' अरबी, आणि खुद्द 'आरमार' हा शब्द पोर्तुगीज. उलट इंग्रज ज्याला 'डिंगी' म्हणतात तो शब्द त्यांनी आपल्याकडच्या बंगाली-हिंदीतून उचलला. समुद्रावर भाषांची सरमिसळ झाली, ती कुणाच्या हुकमाने नव्हे. तुफानात सुकाणू धरायचे तर एकमेकांचे शब्द समजावेच लागतात.

खांदेरीवर उतरलो तेव्हा ह्याच गोष्टीचे रूप डोळ्यांनी दिसले. तिथे कोळी बांधवांचा वेताळ आहे आणि दाऊद पीरांचा दर्गाही आहे. तटावर गाड्यावरची तोफ आहे, ठोकला की भांड्यासारखा वाजणारा दगड आहे. मुलांनी तो वाजवून वाजवून आम्हाला हैराण केले. १८६७ चे दीपगृह आजही जहाजांना वाट दाखवते. पुढे हे बेट कान्होजी आंग्र्यांचे ठाणे झाले. १७१८ मध्ये मुंबईचा गव्हर्नर बून मोठी तयारी करून आला आणि हात हलवत परत गेला. १९९८ मध्ये बेटाला कान्होजींचे नाव दिले गेले. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारसा ठरवले, त्यात खांदेरी आहे. हा वारसा मायनाक भंडारींचा आहे तसाच दौलतखानाचाही. आणि ज्यांची नावे कुठल्याच कागदात आली नाहीत, त्या रात्रीच्या वल्हेकऱ्यांचा तर सर्वात आधी.

मुलाच्या सवालाचा जवाब आम्ही बेटावरच दिला. म्हटले, बेटा, नावावरून बाजू ठरवायची तर दौलतखानाला कुठे बसवशील? माणूस कुणाचे मीठ खातो, कुठल्या मातीची राखण करतो आणि रयतेशी कसा वागतो, ते पाहायचे. ह्या किनाऱ्यावर आपले वाडवडील राहिले, इथल्या पाण्यात त्यांनी जाळी टाकली, होड्या हाकल्या. खांदेरी आपलीही आहे. ती आपली म्हणायला कुणाची इजाजत लागत नाही.

आमच्या शिक्षक बंधुभगिनींना एवढीच विनंती आहे. चौथीच्या वर्गात आरमाराचा धडा आला की फळ्यावर दोन नावे शेजारी-शेजारी लिहा, मायनाक भंडारी आणि दौलतखान. बाकीचे मुले स्वतःच विचारतील.