टिंबांतल्या नावाचं नामांतर

मंचरच्या मंगल कार्यालयात अजूनही काही लग्नांत नवरदेव तांदळाच्या ताटात अंगठीने नवरीचं नवं नाव लिहितो. सासरी ती त्या नावाची, माहेरी जुन्याच. फोरट्रान या संगणकभाषेतलं नामांतरही असंच असतं: नवं नाव फक्त आयात करणाऱ्या घरापुरतं, मूळ मॉड्यूलमध्ये, म्हणजे ज्या कोडसंचातून ते आयात केलं तिथे, जुनं तसंच.

मंचरहून नाशिक रस्त्याने नारायणगाव गाठलं की पूर्वेला खोडद. तिथल्या महाकाय रेडिओ दुर्बिणीच्या, म्हणजे प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्यांच्या, नोंदी खगोलशास्त्रज्ञ वर्षानुवर्षं 'एप्स' या संगणकप्रणालीतून तपासत आले. अमेरिकेत १९७८च्या सुमारास सुरू झालेली ही प्रणाली बहुतांशी फोरट्रानमध्ये आहे. त्या काळच्या फोरट्रानात मॉड्यूल नव्हतं, आणि मानकाप्रमाणे नाव सहा अक्षरांच्या आत बसवावं लागे.

फोरट्रानमधल्या टिंबांची कथा त्याहून जुनी. आयबीएममध्ये जॉन बॅकस यांच्या चमूने १९५७ साली फोरट्रान आणली, तेव्हा पंचकार्डाच्या यंत्रावर 'पेक्षा लहान', 'पेक्षा मोठा' ही चिन्हं नव्हती. मग फोरट्रान ४मध्ये ती अक्षरांत, दोन टिंबांच्या मध्ये लिहिली गेली: .एलटी., .जीटी.

१९९१च्या फोरट्रान ९० मानकाने मॉड्यूल दिलं आणि टिंबांत स्वतःचा ऑपरेटर, म्हणजे अधिक-गुणिलेसारखी क्रिया, घडवण्याची मुभाही. चल, फंक्शन यांचं नाव आयात करताना बदलता येई: डावीकडे इथलं नाव, मध्ये => हा बाण, उजवीकडे मूळ नाव. ऑपरेटरला मात्र ही सोय नव्हती. दोन मॉड्यूलांत एकाच प्रकारच्या राशींसाठी .क्रॉस. असला, की एकाला दाराबाहेर ठेवून त्याचं फंक्शन थेट नावाने बोलवावं लागे.

२००४मध्ये प्रसिद्ध झालेल्या फोरट्रान २००३ मानकाने ही गाठ सोडवली. अटी मोजक्याच. बाणाच्या दोन्ही बाजूंना 'ऑपरेटर' शब्द आणि कंसात टिंबांतलं नाव हवं. नावात फक्त अक्षरं, आकडा किंवा अधोरेषा नाही. एखाद्या प्रकाराला बांधलेल्या ऑपरेटरचं नाव असं बदलत नाही. अधिक, गुणिले, == यांना आणि मूल्य देणाऱ्या = चिन्हालाही हात लावता येत नाही. गुणाकार आधी, बेरीज नंतर हा क्रम त्या चिन्हांनाच चिकटलेला, + ला .क्रॉस. म्हटलं तर क्रम कोणाचा धरायचा? आपण घडवलेल्या ऑपरेटरला ही अडचण नाही: दोन राशींमधला असेल तर नाव काहीही असो, पाळी सर्वांत शेवटी.

चल-फंक्शनांना १९९१मध्ये मिळालेला हा हक्क टिंबांतल्या नावांना मिळायला तेरा वर्षं लागली.