गडचिरोलीची वेलांटी: पायथनच्या इंटरफेसचा एक छोटा इतिहास

संशोधनाच्या तयारीला लागलेले विद्यार्थी मला एक प्रश्न हमखास विचारतात. "पायथन थोडंफार येतं. माहिती भरायला एक छोटा फॉर्म बनवायचाय. विंडोजवर चालावा, लिनक्सवरही चालावा. कोणतं टूलकिट घेऊ?" टूलकिट म्हणजे बटणं, चौकटी, मेनू आयते देणारी लायब्ररी. या प्रश्नाचं उत्तर एका ओळीत देता येतं. मीही तेव्हा ते एका ओळीतच घेतलं होतं: "टीकिंटर घे, पायथनसोबतच येतं." ते उत्तर चूक नव्हतं, पण अपुरं होतं. का अपुरं होतं, हे कळायला मला या टूलकिटांचा इतिहास वाचावा लागला. तो आज तुमच्यासमोर मांडते.

आधी, काय झालं

माझं काम चंद्रपूर आणि गडचिरोली या दोन जिल्ह्यांतल्या सामूहिक वनहक्कांच्या कागदपत्रांवर आहे. २६ ऑगस्ट १९८२ पर्यंत हा एकच जिल्हा होता. त्या दिवशी चंद्रपूरमधून गडचिरोली वेगळा झाला. गडचिरोलीचा दोन तृतीयांशाहून जास्त भाग जंगल आहे. २००६ च्या वनहक्क कायद्याखाली धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाला २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. देशात असा हक्क मिळवणाऱ्या पहिल्या गावांपैकी ते एक. त्यानंतर इथल्या अनेक ग्रामसभांनी दावे केले, ठराव लिहिले, नकाशे काढले.

आता या कायद्यातली एक गोष्ट नीट लक्षात घ्या. त्यात 'गाव' म्हणजे फक्त महसुली गाव नव्हे. वनगावं, जुन्या वस्त्या, मोजणी न झालेली गावं, हे सगळं त्यात येतं. म्हणजे काय, तर माझ्या यादीतल्या काही टोल्यांना जनगणनेचा क्रमांकच नाही. त्यांची ओळख म्हणजे त्यांचं नाव. नाव चुकलं की नोंद हरवली.

ही नावं भरायला मी टीकिंटरमध्ये फॉर्म केला. माझ्या विंडोज लॅपटॉपवर तो झकास चालला. मग तो एका ठिकाणी लिनक्सच्या संगणकावर टाकून दिला. तिथे माहिती भरणाऱ्या ताईंना काम समजावलं आणि मी दुसऱ्या गावी गेले. परत आले तेव्हा त्या सहज म्हणाल्या, "मॅडम, तुमच्या फॉर्ममध्ये पहिली वेलांटी पुढच्या अक्षरावर जाते. मी आधी वेलांटी टाकते, मग अक्षर. तसं केलं की बरोबर दिसते."

मी स्क्रीन पाहिली. खरंच बरोबर दिसत होतं. मी म्हणाले, "छान केलंत ताई." आणि तिथेच माझी चूक झाली.

'एकदा लिहा, सगळीकडे चालवा' हे स्वप्न जुनं आहे

पायथन १९९१ मध्ये जगासमोर आलं. गुइदो व्हॅन रॉसम तेव्हा ॲमस्टरडॅमच्या सीडब्ल्यूआय या संशोधन संस्थेत होते. फार कमी जणांना माहीत असतं की पायथनच्या आधीच त्यांनी 'स्टडविन' नावाची एक लायब्ररी लिहिली होती. युनिक्सच्या एक्स-विंडोवर आणि मॅकिंटॉशवर एकाच कोडमधून विंडो उघडता यावी, एवढाच तिचा हेतू. सुरुवातीच्या पायथनमध्ये 'स्टडविन' हे मोड्यूल होतं. म्हणजे वेगवेगळ्या ऑपरेटिंग सिस्टिमवर एकच इंटरफेस चालवण्याची धडपड या भाषेइतकीच जुनी आहे.

स्टडविन मागे पडलं, कारण दुसरीकडून जास्त भरलेलं टूलकिट आलं. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली इथे जॉन ऑस्टरहाउट यांनी टीसीएल ही भाषा आणि तिच्यासाठी टीके हे टूलकिट केलं होतं. स्टीन लुमहोल्ट आणि गुइदो यांनी ते पायथनला जोडलं, तेच टीकिंटर. टीके मुळात फक्त एक्स-विंडोसाठी होतं. १९९६ च्या सुमारास ते विंडोज आणि मॅकवरही आलं. तेव्हापासून पायथन शिकणाऱ्याची पहिली विंडो बहुतेक वेळा टीकिंटरमध्येच उघडते.

उसनं घ्यायचं की स्वतः काढायचं?

एकच इंटरफेस सगळीकडे चालवायचा तर ढोबळमानाने दोन रस्ते आहेत, आणि टूलकिटांचा सगळा इतिहास या दोन रस्त्यांच्या आसपास फिरतो.

पहिला रस्ता उसनवारीचा. बटण हवंय? विंडोजवर विंडोजचं बटण मागा, मॅकवर मॅकचं. १९९२ मध्ये एडिंबरा विद्यापीठात ज्युलियन स्मार्ट यांनी सुरू केलेलं टूलकिट, आजचं डब्ल्यूएक्सविजेट्स, या रस्त्याने गेलं. रॉबिन डन यांनी ते पायथनला जोडलं, ते डब्ल्यूएक्सपायथन. ते लिनक्सवर जीटीके या टूलकिटकडून बटणं आणि अक्षरं घेतं.

दुसरा रस्ता सगळं स्वतः काढण्याचा. नॉर्वेतल्या ट्रॉनहाइममध्ये १९९० मध्ये हावार्ड नूर्ड आणि आयरिक चेंबे-एंग हे दोघे अल्ट्रासाउंडच्या चित्रांसाठी डेटाबेसचं ॲप्लिकेशन लिहीत होते. ते युनिक्स, मॅक आणि विंडोज तिन्हींवर चालायला हवं होतं. म्हणजे त्यांची अडचण तुमच्या-माझ्यासारखीच: माहिती भरायची, पण समोर संगणक कोणता येईल ते ठाऊक नाही. त्यातून क्यूटी जन्मलं. १९९५ मध्ये ते बाहेर आलं. १९९८ मध्ये फिल थॉम्पसन यांनी पायक्यूटी केलं. पुढे नोकियाने २००८ मध्ये क्यूटीची मूळ कंपनी घेतली आणि २००९ मध्ये सैल परवान्याचं पायसाइड आणलं. परवान्याचा हा फरक कोरडा वाटेल, पण तुमचं ॲप्लिकेशन दुसऱ्यांना वाटायचं असेल तर तो एकदा वाचून घ्या.

टीके या दोन्हींच्या मधलं. काही गोष्टी स्वतः काढतं, काही सिस्टिमकडून घेतं. अक्षरं काढायचं काम ते सिस्टिमवर सोपवतं. इथेच माझ्या वेलांटीचा घोळ सुरू होतो.

अक्षर जुळवतं कोण?

बघा, 'चि' आपण लिहिताना वेलांटी आधी दिसते. पण संगणकात ती नंतर साठवतात. आधी 'च', मग वेलांटी, कारण उच्चार त्या क्रमाने होतो. भारतात १९८८ मध्ये ठरलेल्या आणि १९९१ मध्ये भारतीय मानक ब्युरोने प्रमाण केलेल्या 'इस्की' या सांकेतिक पद्धतीत हाच क्रम होता. ऑक्टोबर १९९१ मध्ये युनिकोडची पहिली आवृत्ती आली, तिने देवनागरीची मांडणी १९८८ च्या इस्कीवरूनच घेतली.

म्हणजे साठवणीचा क्रम वेगळा आणि दिसण्याचा वेगळा. या दोन्हींमध्ये कोणीतरी बसून वेलांटी मागे आणायची, रफार डोक्यावर चढवायचा, 'द' आणि 'र' चा 'द्र' करायचा. याला अक्षरजुळणी म्हणूया. विंडोजमध्ये हे काम युनिस्क्राइब करतं. विंडोज २००० पासून ते मराठीसाठी मिळतं. मॅकची स्वतःची सोय आहे. लिनक्सवर जीटीकेसाठी पँगो नावाची लायब्ररी आली, २००२ च्या जीटीके २ पासून ती त्याचा भाग आहे. क्यूटीने जुळणीचं काम स्वतःच्या अंगावर घेतलं. पुढे पँगो आणि क्यूटी यांच्या समान गरजेतून हार्फबझ ही सामाईक लायब्ररी घडली आणि बेहदाद इस्फहबोद यांनी ती नव्याने लिहिली. आज तुमच्या अँड्रॉइड फोनवरची मराठीही तीच जुळवते.

आणि टीके? विंडोजवर ते विंडोजची जुळणी वापरतं, मॅकवर मॅकची. पण माझ्याकडच्या टीके ८.६ मध्ये, लिनक्सवर, अक्षरं 'एक्सएफटी' या लायब्ररीमार्फत निघत होती, आणि ती जुळणी करतच नाही. साठवलेल्या क्रमाने एकेक तुकडा ओळीत मांडत जाते. त्यामुळे गडचिरोलीतली वेलांटी 'च' सोडून 'र' वर जाऊन बसली. चामोर्शीचा रफार डोक्यावर चढला नाही, चंद्रपूरचा 'द्र' पाय मोडून सुटा पडला.

याला कोणाचा दुष्टावा म्हणता येणार नाही. हे टूलकिट जिथे घडलं तिथल्या लिपीत अक्षरं एकामागे एक मांडली की काम भागतं. पण त्या गृहीतकाचा भार धानोऱ्याकडच्या संगणकावर पडला, एवढं खरं.

चुकीचं साठवलेलं, बरोबर दिसणारं

आता ताईंकडे परत येऊ. त्या मराठी टायपिंगची ३० ची परीक्षा पास होत्या, रेमिंग्टन पद्धतीवर शिकलेल्या. टाइपरायटरवर पहिली वेलांटी आधीच मारायची असते, कारण कागदावर ती आधी उमटते. माझ्या फॉर्मने वेलांटी पुढे ढकलली तेव्हा त्यांच्या हातांनी जुनी, त्यांच्या दृष्टीने अगदी योग्य सवय वापरली. स्क्रीनवर 'गडचिरोली' उमटलं. फाइलमध्ये मात्र 'ड' नंतर वेलांटी, मग 'च' असं गेलं.

हे मला कधी कळलं? फाइल क्यूजीआयएसमध्ये उघडल्यावर. नकाशांचं हे मुक्त सॉफ्टवेअर गॅरी शर्मन यांनी २००२ मध्ये अलास्कात सुरू केलं. त्याचा इंटरफेस क्यूटीचा आहे आणि २००७ पासून त्यात पायथनही लिहिता येतं. गावांची नावं नकाशाशी जोडायला गेले तर काही ओळी रिकाम्या. तक्ता उघडला, तर समोर 'गडिचरोली'. 'गोंडिपपरी'. क्यूटी प्रामाणिकपणे जुळणी करत होतं, म्हणून जे साठवलं होतं तेच दिसलं. माझी पहिली प्रतिक्रिया काय, तर "क्यूजीआयएस मराठी बिघडवतंय". उलटं होतं. जी स्क्रीन चुकीची वाटली तीच खरं सांगत होती.

दुरुस्ती कोडने होईल असं वाटलं. अर्धी झाली. चिमूर, सिरोंचा, सिंदेवाही, जिवती या नावांत वेलांटी पहिल्याच अक्षराला आहे. ती शब्दाच्या सुरुवातीला सुटी सापडली की चूक पकडता येते, कारण मराठीत कोणताही शब्द सुट्या वेलांटीने सुरू होत नाही. पण शब्दाच्या मधली वेलांटी आधीच्या अक्षराला चिकटते आणि 'डि' किंवा 'डिच' हे लिपीच्या दृष्टीने वैधच असतं. तालुक्यांची नावं मला पाठ होती, ती सुधारली. पण एखाद्या टोल्याचं मी कधी न ऐकलेलं नाव? तिथे नियम उपयोगाचा नाही. त्यासाठी मूळ वह्या पुन्हा पाहाव्या लागल्या, पानागणिक. त्या ताई शेजारी बसून नावं वाचत होत्या आणि मी जुळवत होते. चूक माझी होती आणि वेळ त्यांचाही गेला.

तुम्ही काय कराल?

टूलकिट निवडायच्या आधी तुमच्याच क्षेत्रातल्या नावांची एक चाचणी यादी करा. माझी आता अशी आहे: चिमूर, गोंडपिपरी, चामोर्शी, ब्रह्मपुरी, पोंभुर्णा, एटापल्ली. वेलांटी, रफार, जोडाक्षर, सगळं येतं. ज्या ज्या संगणकावर फॉर्म चालणार, त्या प्रत्येकावर ती टाइप करा. खोडूनही बघा, कर्सर कुठे उभा राहतो तेही बघा.

मग फक्त स्क्रीनवर विसंबू नका. साठवलेली फाइल पायथनमध्ये वाचा आणि एका नावातलं प्रत्येक चिन्ह 'युनिकोडडेटा' मोड्यूलने सुटं छापून घ्या. 'च' आधी, वेलांटी नंतर, हा क्रम डोळ्यांनी तपासा. फाइल उघडताना एन्कोडिंग 'यूटीएफ-८' असं स्पष्ट लिहा, विंडोज आपल्या मनाने दुसरं घेऊ शकतं. मराठी मजकूर असेल आणि लिनक्सवर चालवायचं असेल, तर पायक्यूटी, पायसाइड किंवा डब्ल्यूएक्सपायथन हे टीकिंटरपेक्षा सुरक्षित. इंग्रजी आकडे भरायचे असतील तर टीकिंटर आजही उत्तम.

आणि सगळ्यात महत्त्वाचं: माहिती भरणारी व्यक्ती "असं केलं की बरोबर दिसतं" म्हणाली, की तिथेच थांबा आणि खाली बसा. तो त्यांनी काढलेला मार्ग असतो, पण तुमच्या साधनातली चूकही असते. तुमच्या पद्धतीच्या प्रकरणात ती लिहा. मीही लिहिली आहे.

हा इतिहास संपलेला नाही. गोंडीच्या दोन लिप्या अलीकडेच युनिकोडमध्ये आल्या: मसराम गोंडी २०१७ मध्ये आणि गुंजाला गोंडी २०१८ मध्ये. ज्या ग्रामसभांच्या वह्या मी वाचते, तिथली बोलणी बहुतेक गोंडीत आणि माडियात होतात, कागद मराठीत होतो. उद्या तुमच्यापैकी कोणी त्या लिप्यांमध्ये माहिती भरायचा फॉर्म बनवेल. तेव्हा पहिली चाचणी ज्यांची ती भाषा आहे त्यांच्या शेजारी बसून, त्यांच्याच संगणकावर घ्या.