इंजेक्शनचा ब्रँड बदलला, तर आमवात पुन्हा उसळेल का?

"डॉक्टर, या वेळी इंजेक्शनचं खोकं वेगळं आहे. चालेल ना?" आमवात म्हणजेच रुमॅटॉइड आर्थ्रायटिस असलेले रुग्ण असं विचारतात, तेव्हा त्यांची शंका रास्तच असते. मोठ्या मुश्किलीने आटोक्यात आलेलं दुखणं पुन्हा उसळावं, असं कुणाला वाटेल? या प्रश्नाचं उत्तर कसं सापडलं, ते पाहू.

सांध्यांची सूज पेटती ठेवण्यात टीएनएफ नावाच्या प्रथिनाचा मोठा हात असतो. त्याला अडवणारं औषध १९९२ साली लंडनच्या चेरिंग क्रॉस हॉस्पिटलमध्ये रविंदर मैनी आणि मार्क फेल्डमन यांनी आमवाताच्या रुग्णांना पहिल्यांदा दिलं. तेच पुढे इन्फ्लिक्सिमॅब म्हणून बाजारात आलं. गुण उत्तम, पण किंमत न परवडणारी.

अशी जैविक औषधं जिवंत पेशींमध्ये तयार होतात. त्यामुळे साध्या गोळीसारखी त्यांची हुबेहूब नक्कल करता येत नाही. मूळ कंपनीच्या दोन बॅचमध्येही किंचित फरक असतो. म्हणून दुसऱ्या कंपनीने बनवलेल्या, अगदी जवळच्या औषधाला 'बायोसिमिलर' म्हणतात. दक्षिण कोरियातल्या सेलट्रियन कंपनीच्या इन्फ्लिक्सिमॅबला युरोपने २०१३ मध्ये मान्यता दिली. नव्या रुग्णांना ते सुरू करायला हरकत नव्हती. पण मूळ औषधावर ज्यांचं बरं चाललं होतं, त्यांचं औषध बदलावं का?

नॉर्वेने सरकारी पैशातून याची परीक्षा घेतली. 'नॉर-स्विच' या अभ्यासात आमवातासह सहा आजारांचे ४८२ रुग्ण होते. निम्म्यांचं औषध बदललं, निम्म्यांचं तेच ठेवलं. कुणाला काय मिळतंय, हे रुग्णांनाही माहीत नव्हतं आणि डॉक्टरांनाही. वर्षभरात मूळ औषधावरच्या सुमारे २६ टक्के, तर बदललेल्या सुमारे ३० टक्के रुग्णांचा आजार वाढला. हा फरक आधी ठरवलेल्या मर्यादेत होता. म्हणजे औषध न बदलताही दर चार जणांमागे एकाचा त्रास वाढला होता! हा निकाल २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला.

नेदरलँड्समध्ये मात्र रुग्णांना सांगून औषध बदललं, तेव्हा सहा महिन्यांत सुमारे एक चतुर्थांश रुग्णांनी ते सोडलं. दुखणं वाढल्याच्या तक्रारी होत्या. तपासणीत मात्र तेवढा फरक दिसत नव्हता. भीतीमुळे जाणवणाऱ्या अशा त्रासाला 'नोसीबो' म्हणतात. ते ढोंग नसतं, वेदना खरी असते. म्हणूनच बदलाआधी रुग्णाशी नीट बोलणं हा उपचाराचाच भाग आहे.

२०२२ मध्ये युरोपच्या औषध नियामकांनी पुढचं पाऊल टाकलं. तिथे मान्यता मिळालेलं बायोसिमिलर मूळ औषधाच्या जागी, किंवा त्याच औषधाच्या दुसऱ्या बायोसिमिलरच्या जागी वापरता येतं, असं त्यांनी स्पष्ट केलं.

भारतासाठीही हा विषय परका नाही. अ‍ॅडालिमुमॅबचं जगातलं पहिलं बायोसिमिलर २०१४ मध्ये झायडसने भारतातच बाजारात आणलं.

तुमचा ब्रँड बदलणार असेल, तर एवढं करा :

- खोक्यावरचं मूळ औषधाचं नाव तेच आहे ना, ते पाहा. इन्फ्लिक्सिमॅबऐवजी अ‍ॅडालिमुमॅब देणं म्हणजे ब्रँड नव्हे, औषधच बदलणं.
- ब्रँड, बॅच क्रमांक आणि तारीख फाइलमध्ये लिहून ठेवा.
- बदल दुकानदाराच्या नव्हे, तुमच्या डॉक्टरांच्या सल्ल्यानेच करा.
- त्रास वाढला, तर औषध परस्पर बंद न करता सांधे आणि रक्त तपासून घ्या.