नवे लोच घरी आणताना पहिले चार आठवडे वेगळ्या टाकीचे

शोभिवंत माशांच्या दुकानात शिरल्यावर नारिंगी अंगावर तीन रुंद काळे पट्टे असलेला क्लाउन लोच चटकन नजरेत भरतो. दोन इंचांची ती गोजिरवाणी पिल्ले पाहून ग्राहक मोहात पडतो, चार-पाच मासे पिशवीत भरून घेतो आणि घरी येऊन थेट मुख्य टाकीत सोडतो. आठवडाभरात त्यांच्या अंगावर मिठाच्या कणांसारखे पांढरे ठिपके दिसू लागतात आणि पाहता पाहता टाकीतले जुने मासेही आजारी पडतात. प्रस्तुत प्रतिनिधीनेही ही चूक केली आहे. एका दुकानातून आणलेले तीन लोच पाचव्या दिवशी ठिपक्यांनी भरले. नव्या माशांबरोबर दोन वर्षे सांभाळलेले जुने मासेही त्यात गेले. दुकानदाराला दोष देऊन उपयोग नव्हता. घरात दुसरी, वेगळी टाकी नव्हती, हे त्या नुकसानीचे खरे कारण होते.

लोच हे एका माशाचे नाव नाही. तळाशी वावरणाऱ्या, तोंडाभोवती मिशा असलेल्या माशांचा हा मोठा गट आहे. आपल्याकडील ओढ्या-नद्यांत सापडणारे मुरे याच गटातले. दुकानांत दिसणाऱ्या जातींपैकी क्लाउन लोच (क्रोमोबोटिया मॅक्रॅकँथस) हा सुमात्रा आणि बोर्निओ या बेटांवरील नद्यांतला. योयो लोच उत्तर भारतातला असून त्याच्या शास्त्रीय नावात अल्मोडा हे गाव आहे. कुहली लोच सापासारखा सडपातळ आणि लाजरा. अंगावर बारीक पट्टे असलेला झेब्रा लोच (बोटिया स्ट्रायटा) तर आपल्या पश्चिम घाटातला.

या सर्वांची एक अडचण समान आहे. यांतील बरेच मासे शेतात किंवा हौदात वाढवलेले नसून नदीतून पकडलेले असतात. क्लाउन लोचची हल्ली संप्रेरकांची इंजेक्शने देऊन पैदास केली जाते, तरी रानातून पकडलेली पिल्लेही बाजारात येतातच. पकडणारा, साठवणारा, निर्यातदार, घाऊक व्यापारी आणि मग आपल्या गावातला दुकानदार अशा साखळीतून मासा आपल्यापर्यंत पोहोचतो. या प्रवासात तो उपाशी राहतो, प्रत्येक टप्प्यावर नव्या पाण्यात पडतो आणि इतर माशांचे रोग अंगावर घेतो. त्यातच लोचच्या अंगावरील खवले अत्यंत बारीक, कातडीत रुतलेले असतात. त्यामुळे इतर माशांना सहज सोसणारी औषधे त्याला बाधतात. रोग लवकर जडतो आणि औषध मात्र बेताने द्यावे लागते, अशी ही कोंडी आहे. म्हणूनच लोचच्या बाबतीत वेगळ्या टाकीला पर्याय नाही.

खरेदीपूर्वी

सर्वप्रथम जागेचा विचार करावा. क्लाउन लोच पूर्ण वाढल्यावर २५ ते ३० सेंटिमीटरपर्यंत जातो आणि नीट सांभाळल्यास वीस वर्षांहून अधिक जगतो. शिवाय तो एकटा सुखी नसतो. किमान पाच-सहा जणांचा गट लागतो. दोन फुटी काचेच्या टाकीत त्याला आयुष्य काढायला लावणे अन्यायाचे आहे. दिवाणखान्याच्या कोपऱ्यात एवढीच जागा असेल, तर कुहली लोच घ्यावेत, हे उत्तम.

दुकानात गेल्यावर मासे कधी आले, हे विचारावे. काल आलेले मासे आज घेऊ नयेत. आठवडाभर तेथेच राहू द्यावेत, हवे तर थोडे पैसे आगाऊ देऊन ठेवावेत. अनेक दुकानांत सर्व टाक्यांचे पाणी एकाच फिल्टरमधून फिरते. त्यामुळे शेजारच्या टाकीतल्या माशावर ठिपके असतील, तर लोचच्या टाकीतही रोग पोहोचला आहे, असेच धरून चालावे. दुकानदाराला माशांना खाणे घालायला सांगावे. निरोगी लोच काही वेळातच मिशांनी तळ चाचपडत पुढे येतो.

मासा वरून पाहावा, हे फारसे कोणी सांगत नाही. बाजूने धडधाकट वाटणारा लोच वरून पाहिल्यास डोक्यामागे एकदम निमुळता, पोट आत गेलेला आणि पाठ सुरीच्या पात्यासारखी दिसत असेल, तर तो केवळ उपाशी नसून बहुधा पोटातल्या जंतांनी किंवा इतर परजीवींनी पोखरलेला आहे. असा मासा दया येऊनही आणू नये. मात्र एखादा लोच दगडाच्या फटीत आडवा पडलेला दिसला म्हणून घाबरू नये. आडवे पडून झोपणे ही या माशांची सवयच आहे, आणि नवखे मालक त्याला मेला समजून बाहेर काढतात! रंग फिका पडणे हे आजाराचे लक्षण असू शकते, पण आपसांतील भांडणातही क्लाउन लोच काही काळ फिके पडतात.

वेगळी टाकी

टाकी मोठी किंवा देखणी असण्याची गरज नाही. पाच-सहा लहान लोचसाठी ६० लिटरच्या आसपासची साधी टाकी पुरते. तळाला वाळू-खडे घालू नयेत. लपण्यासाठी पीव्हीसी पाइपचे तुकडे किंवा धुतलेली मातीची छोटी भांडी ठेवावीत. लपायला जागा नसलेला लोच भीतीनेच खाणे सोडतो. वर घट्ट झाकण हवे, कारण हे मासे उड्या मारतात.

फिल्टरबाबत मात्र घाई चालत नाही. माशांच्या मलमूत्रातून निघणारा अमोनिया विषारी असतो. त्याचे रूपांतर करणारे जिवाणू नव्या फिल्टरमध्ये नसतात. म्हणून मासे आणण्याच्या चार ते सहा आठवडे आधीपासून एक स्पंज फिल्टर मुख्य टाकीत चालू ठेवावा आणि ऐनवेळी तोच वेगळ्या टाकीत हलवावा. अमोनिया तपासण्याचा संच घरात असू द्यावा. ज्या गावांत तासन् तास वीज जाते, तेथे बॅटरीवर चालणारा एअर पंप घेऊन ठेवावा. पंप बंद पडला की माशांबरोबर स्पंजमधले जिवाणूही प्राणवायूविना मरू लागतात.

नळाच्या पाण्यातील क्लोरीन घालवण्यासाठी दुकानात ‘अँटी-क्लोरीन’ म्हणून मिळणारा द्राव बहुतेक वेळा पुरतो. पावसाळ्यात पालिका पाण्यात क्लोरीनचे प्रमाण वाढवण्याची शक्यता असते, तेव्हा विशेष सावध राहावे. पुणे-नाशिककडच्या हिवाळी रात्री टाकीतले पाणी गार पडते, त्यामुळे तेथे थर्मोस्टॅट असलेला हीटर आवश्यक ठरतो. क्लाउन लोचला २५ ते ३० अंश सेल्सिअस तापमान मानवते.

पिशवी घरी आणल्यावर पंधरा-वीस मिनिटे टाकीत तरंगत ठेवावी, थोडे-थोडे टाकीतले पाणी तिच्यात मिसळावे आणि मग मासे सोडावेत. पिशवीतले पाणी टाकीत ओतू नये.

ठिपके दिसले तर

पांढऱ्या ठिपक्यांचा रोग इक्थिओफ्थिरियस नावाच्या एकपेशीय परजीवीमुळे होतो. या रोगाचे चक्र समजले, की उपाय आपोआप समजतो. अंगावर दिसणारा ठिपका म्हणजे कातडीखाली पोसला जाणारा परजीवी. तेथे त्याला कोणतेही औषध पोहोचत नाही. पुरेसा वाढला की तो गळून तळाशी बसतो, कवच करतो आणि त्यातून शेकडो पिल्ले बाहेर पडतात. एक-दोन दिवसांत मासा सापडला नाही, तर ती मरतात. औषध लागू पडते ते केवळ या पोहणाऱ्या पिल्लांवर. त्यामुळे दोन दिवसांत ठिपके गेले म्हणून औषध थांबवणारा माणूस फसतो. शेवटचा ठिपका दिसेनासा झाल्यानंतरही काही दिवस उपचार चालू ठेवावा लागतो.

पाणी ऊबदार असले की हे चक्र लवकर फिरते. म्हणून क्लाउन लोचच्या टाकीचे तापमान दर काही तासांनी एखाद अंश वाढवत ३० अंशांपर्यंत नेतात. ऊबदार पाण्यात प्राणवायू कमी मावतो, त्यामुळे हवेचे बुडबुडे वाढवावेत. गार, वाहत्या पाण्यातून आलेल्या झेब्रा लोचला मात्र ही उष्णता सोसेल असे धरून चालू नये. तळ रोज नळीने शोषून काढला, तर कवचातले परजीवी पिल्ले सोडण्यापूर्वीच बाहेर जातात. वाळू न घालण्याचे कारण हेच. मॅलाकाइट ग्रीन, फॉर्मॅलिन किंवा तांबेयुक्त औषधे लोचला पूर्ण मात्रेत देणे धोक्याचे असते. बाटलीवर खवले नसलेल्या माशांसाठी वेगळे प्रमाण दिले असेल तर तेच पाळावे. नसल्यास अर्ध्या मात्रेने सुरुवात करण्याचा प्रघात आहे.

मासा खातो, पण अंग धरत नाही, अशी स्थिती दोन-तीन आठवडे राहिली, तर जंतांचा संशय घ्यावा. जनावरांना दिले जाणारे लेव्हामिसोल त्यासाठी वापरतात. पण त्याची मात्रा पशुवैद्यकाला विचारून ठरवावी, अंदाजाने नव्हे. एका वेळच्या औषधाने अंडी मरत नाहीत, म्हणून दोन-तीन आठवड्यांनी ते पुन्हा द्यावे लागते. या काळात दुकानातले जिवंत ट्यूबिफेक्स किडे घालू नयेत. ते घाणीतून गोळा केलेले असतात. भिजवलेल्या गोळ्या, गोठवलेले ब्लडवर्म आणि काकडीचे काप पुरेसे आहेत.

चार आठवडे एकही ठिपका न दिसता गेले आणि सर्व मासे खाते झाले, म्हणजे त्यांना मुख्य टाकीत न्यावे. मध्येच रोग आला तर मोजणी पुन्हा पहिल्या दिवसापासून. जाळी, बादली, नळी, सारे काही दोन्ही टाक्यांचे वेगळे असावे. एकच ओली जाळी दोन्हीकडे फिरवली, तर महिनाभराची मेहनत वाया जाते.

नेतानाही जाळीऐवजी प्लॅस्टिकचा डबा वापरावा. लोचच्या डोळ्याखाली एक दुभंगलेला काटा असतो. भीतीने तो तो बाहेर काढतो आणि काटा जाळीत अडकतो. अशा वेळी ओढाताण न करता जाळीच कापावी.

झेब्रा लोच घेताना आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. हा मासा कृष्णा खोऱ्यातील मोजक्या नद्यांपुरता उरला असून आंतरराष्ट्रीय यादीत तो संकटग्रस्त म्हणून नोंदला गेला आहे. नदीतून पकडून आणलेला झेब्रा लोच घेऊ नये. तसेच नको झालेले मासे ओढ्यात किंवा देवळाच्या तळ्यात सोडू नयेत. आंबोलीच्या हिरण्यकेशी येथील तळ्यातून २०२० साली लोचचीच एक नवी जात शास्त्राला ज्ञात झाली आणि २०२१ मध्ये राज्य सरकारने ती जागा जैवविविधता वारसास्थळ म्हणून जाहीर केली. अशा तळ्यात बाहेरचा एक रोगट मासाही पुरेसा आहे. वेगळ्या टाकीतले वापरलेले पाणी सांडपाण्याच्या गटारातच सोडावे आणि टाकी रिकामी करून काही दिवस उन्हात कोरडी होऊ द्यावी.