नाणे वाजवून घ्यावे

आमच्या महाडजवळ, रायगडावर १६७४ मध्ये राज्याभिषेक झाला आणि ‘श्री राजा शिव’ या अक्षरांची तांब्याची शिवराई नावारूपाला आली. जुन्या बाजारात नाणे पारखायला सराफ, पोतदार असत. खोटे नाणे हाती येऊ शकते, हे सर्वांनी गृहीतच धरलेले होते.

संगणक आला तेव्हा मात्र गावोगावी असा पारखी नव्हता. महाड-पोलादपूरकडे सुटे भाग जोडलेला संगणक घरी येई, त्यात २००१ ची ‘विंडोज एक्सपी’ आधीच भरलेली असे. ती अस्सल की नक्कल, हे घेणाऱ्याला कसे कळावे? २००५ मध्ये मायक्रोसॉफ्टने स्वतःच पारख सुरू केली. २००८ मध्ये तर नकली एक्सपीच्या पडद्याची पार्श्वभूमी काळी होऊ लागली. रोख पैसे मोजून घेतलेली वस्तू चोरीची निघाली!

कायदा काय म्हणतो? १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात १९८४ च्या दुरुस्तीने सॉफ्टवेअर ‘साहित्यकृती’ ठरले. कवितेच्या पंगतीत बसले म्हणा ना. १९९४ च्या दुरुस्तीने नक्कल वापरणाऱ्याला सात दिवसांपासून तीन वर्षांपर्यंत कैदेची तरतूद केली, पण ती ‘जाणूनबुजून’ वापरणाऱ्याला. चोर आणि फसलेला ग्राहक यांतला फरक या एका शब्दात आहे.

मात्र नक्कल आहे हे कळल्यावरही वापरत राहिले, तर ही ढाल उरत नाही. म्हणून पक्के बिल घ्यावे, त्यावर सॉफ्टवेअरचे नाव लिहून घ्यावे. परवडत नसेल तर मोफत लिनक्स आहेच.