पायथनचं उष्टं ताट

तर मंडळी, या शनिवारी थोडा इतिहास.

काही वर्षांपूर्वी आमच्या एका प्रोजेक्टमध्ये एका ग्राहकाच्या बिलात दुसऱ्याच्याच वस्तू दिसायला लागल्या. टीममध्ये एक नवीन मुलगा होता, माझा संशय थेट त्याच्यावर! चार लोकांसमोर त्याला बोललोही. रात्री दोनला कळलं, फंक्शन माझंच होतं.

मी एका पॅरामीटरला डिफॉल्ट म्हणून रिकामी लिस्ट दिली होती. वाटलं, दर कॉलला नवी कोरी लिस्ट मिळेल. पण पायथनमध्ये 'डेफ' ही नुसती घोषणा नाही, ते चालवलं जाणारं वाक्य आहे. ते चालतं तेव्हाच डिफॉल्टची किंमत एकदा काढली जाते आणि फंक्शनसोबत ठेवून दिली जाते. म्हणजे खाणावळीत ताट एकच, आणि पुढच्याला आधीच्याचं उष्टं!

मग आठवलं, सी प्लस प्लस आणि कॉमन लिस्प या पायथनहून जुन्या भाषांत डिफॉल्ट दर कॉलला नव्याने काढतात. २०१५ मध्ये जावास्क्रिप्टनेही तेच केलं. मग पायथनचंच असं वेगळं का?

गिडो वान रॉसमने ॲमस्टरडॅमच्या सीडब्ल्यूआय संस्थेत ही भाषा घडवली, १९९१ मध्ये ती बाहेर आली. त्या काळी आतल्या फंक्शनला बाहेरच्या फंक्शनचे व्हेरिएबल दिसतच नसत. त्यामुळे लोक 'एन=एन' असं डिफॉल्ट लिहून बाहेरची किंमत आत न्यायचे. किंमत तिथल्या तिथे काढली जाते, म्हणूनच ही युक्ती चालायची. २००१ मध्ये आवृत्ती २.१ मध्ये ऐच्छिक आणि २.२ मध्ये कायमची, अशी आतून बाहेरचं दिसण्याची सोय झाली. तरी लूपमध्ये लॅम्डा बनवताना ती युक्ती आजही कामी येते.

२००८ च्या पायथन ३ ने 'प्रिंट'सुद्धा बदललं, पण याला हात लावला नाही. २०२१ मध्ये उशिरा काढायच्या डिफॉल्टसाठी '=>' या वेगळ्या चिन्हाचा प्रस्ताव आला. त्यातही जुनं '=' होतं तसंच ठेवलेलं. जे मला चावलं, त्याच्याच आधारावर कित्येकांचा कोड उभा आहे ना!

उपाय साधा: डिफॉल्ट 'नन' द्या, लिस्ट फंक्शनच्या आत बनवा.

आणि हो, सोमवारी त्या मुलाची माफी मागितली. त्याच चार लोकांसमोर. असो.