होम लोन लवकर फेडायचंय? जादा पैसे भरण्याआधी आणि भरल्यावर ॲपमध्ये काय बघायचं

बँकेच्या ॲपमध्ये दर महिन्याला आपण एकच आकडा बघतो, तो म्हणजे ईएमआय. तो कापला गेला की विषय संपला. पण होम लोन मुदतीआधी संपवायचं असेल, तर लक्ष ठेवायचे आकडे वेगळे आहेत: शिल्लक मुद्दल आणि उरलेले हप्ते. बोनस मिळाला, एखादी एफडी मोडली आणि ते पैसे लोनमध्ये भरले, तर मुद्दल लगेच कमी व्हायला हवं. मात्र चुकीचा पर्याय निवडला तर पैसे खात्यातून जातात आणि फायदा फारसा होत नाही. म्हणून हे गणित आणि ॲपमधले पर्याय दोन्ही समजून घेऊ.

ईएमआयमध्ये नक्की काय असतं?

समजा, ४० लाखांचं लोन आहे, व्याजदर ८.५ टक्के आणि मुदत २० वर्षं. ईएमआय येतो सुमारे ३४,७१३ रुपये. पहिल्या महिन्याचं व्याज असं निघतं:

४०,००,००० × ८.५ ÷ १२०० = २८,३३३ रुपये

म्हणजे ३४,७१३ मधले फक्त ६,३८० रुपये मुद्दलात जमा झाले. पहिल्या वर्षभरात तुम्ही जवळजवळ ४ लाख १७ हजार भरता आणि मुद्दल कमी होतं फक्त ८० हजारांनी. १० वर्षांनी, म्हणजे अर्धी मुदत संपल्यावरही, सुमारे २८ लाख बाकी असतात. यात बँकेची काही लबाडी नाही. व्याज शिल्लक रकमेवर लागतं आणि सुरुवातीला शिल्लक मोठी असते, इतकंच.

पूर्ण २० वर्षं दर तोच राहिला, तर एकूण व्याज होतं सुमारे ४३ लाख ३१ हजार. घेतलेल्या लोनपेक्षा जास्त!

जादा भरलेले १ लाख काय करतात?

ईएमआयमधला मोठा भाग व्याजात जातो. जादा भरलेली रक्कम मात्र सगळीच्या सगळी मुद्दलातून वजा होते. त्या रकमेवर पुढे कधीच व्याज लागत नाही. त्यामुळे जितक्या लवकर भराल तितका फायदा जास्त. वरच्याच लोनमध्ये, ईएमआय तोच ठेवून:

- पहिल्या वर्षाच्या शेवटी १ लाख भरले, तर १३ हप्ते पूर्ण वाचतात, चौदाव्याचाही बराचसा भाग वाचतो. व्याजाची बचत सुमारे पावणेचार लाख.
- तेच १ लाख १० वर्षं झाल्यावर भरले, तर साडेसहा हप्ते वाचतात. बचत सुमारे १ लाख २९ हजार.
- दर वर्षाच्या शेवटी फक्त एक जादा ईएमआय भरला, तर २४० ऐवजी २०१ हप्त्यांत लोन संपतं. बचत सुमारे सव्वाआठ लाख.

तिसरा पर्याय नोकरदारांना झेपण्यासारखा आहे. दर महिन्याला ईएमआयच्या बाराव्या भागाइतके, म्हणजे इथे साधारण २,९०० रुपये, रिकरिंग डिपॉझिटमध्ये टाकत गेलं की वर्षाअखेरीस एक हप्ता तयार होतो.

मुदत कमी करायची की ईएमआय?

जादा रक्कम भरताना इथे थोडं थांबा. पार्ट पेमेंट केल्यावर दोन गोष्टी होऊ शकतात: ईएमआय तोच राहून मुदत कमी होते, किंवा मुदत तीच राहून ईएमआय कमी होतो.

पहिल्या वर्षाच्या शेवटी भरलेल्या १ लाखाचंच उदाहरण घेऊ. मुदत कमी केली तर बचत पावणेचार लाख. ईएमआय कमी केला तर तो फक्त ८८५ रुपयांनी उतरतो आणि व्याजाची बचत होते सुमारे १ लाख २ हजार. एवढा फरक का? दुसऱ्या पर्यायात दर महिन्याला ८८५ रुपये तुमच्या खिशात परत येतात, तर पहिल्या पर्यायात तेही लोन फेडायला वापरले जातात.

लोन लवकर संपवायचं असेल तर मुदत कमी करा. पण नोकरीची खात्री नसेल, घरात एकच पगार येत असेल किंवा नुकतं बाळ झालं असेल, तर ईएमआय कमी करून घेणंही शहाणपणाचं आहे. हातात जास्त पैसे असतील तेव्हा पुन्हा पार्ट पेमेंट करता येतंच.

दंड लागतो का?

होम लोन फ्लोटिंग दराचं असेल, तर नाही. बँकांनी अशा लोनवर मुदतीआधी फेडण्याचा दंड घेऊ नये, असं रिझर्व्ह बँकेने २०१२ मध्येच सांगितलं. १ जानेवारी २०२६ पासून मंजूर किंवा नूतनीकरण होणाऱ्या कर्जांसाठी नियम आणखी स्पष्ट झाले आहेत. वैयक्तिक कारणासाठी घेतलेलं फ्लोटिंग दराचं कर्ज थोडं फेडा किंवा पूर्ण, पैसे कुठूनही आणा, शुल्क लागत नाही. 'आधी इतके महिने थांबा' अशी अटही घालता येत नाही. फिक्स्ड दराचं लोन असेल तर मात्र करारपत्र आणि मंजुरीपत्रात शुल्काचं कलम वाचा, मगच पैसे भरा.

ॲपमधून पैसे कसे भरायचे?

प्रत्येक बँकेच्या ॲपमध्ये बटणांची नावं वेगळी असतात, पण क्रम साधारण असाच असतो:

१. लोन अकाउंट उघडा. शिल्लक मुद्दल, व्याजदर आणि उरलेले हप्ते यांचा स्क्रीनशॉट काढून ठेवा.
२. 'पार्ट पेमेंट' किंवा 'पार्ट प्रीपेमेंट' हा पर्याय निवडा. 'ॲडव्हान्स ईएमआय' निवडू नका. त्यात पैसे पुढच्या हप्त्यांसाठी बाजूला राहू शकतात आणि मुद्दल लगेच कमी होत नाही.
३. मुदत की ईएमआय असं विचारलं तर निवड करा. विचारलंच नाही, तर ॲपमधल्या सर्व्हिस रिक्वेस्टमधून किंवा रजिस्टर केलेल्या ईमेलवरून बँकेला लेखी कळवा.
४. रक्कम मोठी असेल तर यूपीआयची मर्यादा आड येऊ शकते. अशा वेळी नेटबँकिंगमधून एनईएफटी करा. २ लाख किंवा त्याहून जास्त असतील तर आरटीजीएसही चालतं.
५. पावती पीडीएफमध्ये सेव्ह करा.

खाते क्रमांक फक्त ॲपमधून किंवा बँकेच्या स्टेटमेंटवरूनच घ्या. 'आज लोन बंद करा, व्याजात सूट मिळवा' असा व्हॉट्सॲप मेसेज आला आणि त्यात लिंक असेल, तर ती उघडू नका.

पैसे योग्य जागी गेले का, हे कसं ओळखायचं?

हे तपासायला पाच मिनिटं लागतात. पुढचा ईएमआय कापला गेला की स्टेटमेंट उघडा आणि त्यातलं व्याज बघा. सूत्र वरचंच आहे: नवी शिल्लक × दर ÷ १२००.

आपल्या उदाहरणात पहिल्या वर्षाच्या शेवटी शिल्लक होती ३९,२०,३९१. त्यावर १ लाख भरल्यावर उरले ३८,२०,३९१. पुढच्या महिन्याचं व्याज सुमारे २७,०६१ रुपये यायला हवं. ते २७,७६९ च्या आसपास दिसत असेल, तर तुमचे १ लाख मुद्दलात जमा झालेलेच नाहीत. भरल्याच्या तारखेनुसार त्या पहिल्या महिन्यात थोडा फरक पडेल. तसं असेल तर त्याच्या पुढचा महिनाही तपासा. ८.५ टक्के दराने प्रत्येक १ लाखामागे महिन्याचं व्याज ७०८ रुपयांनी कमी व्हायला हवं, एवढं लक्षात ठेवलं तरी पुरे.

त्यानंतर उरलेले हप्ते मोजा. एक्सेल किंवा गूगल शीट्समध्ये एनपीईआर नावाचं फंक्शन आहे. त्याला मासिक दर, ईएमआय (वजा चिन्हासह) आणि शिल्लक दिली की हप्ते निघतात. इथे उत्तर येतं २१४.२. ॲपमध्ये अजून २२८ हप्तेच दिसत असतील, तर लेखी तक्रार करा.

दर बदलला की मुदतही बदलते

मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ या काळात रेपो दर ४ वरून ६.५ टक्क्यांवर गेला. अनेकांचा ईएमआय तेवढाच राहिला, पण मुदत लांबली. ऑगस्ट २०२३ मध्ये रिझर्व्ह बँकेने नियम केला, की दर बदलताना ईएमआय वाढवायचा की मुदत, हा पर्याय ग्राहकाला मिळायला हवा. दर तिमाहीच्या स्टेटमेंटमध्ये आतापर्यंत वसूल झालेलं मुद्दल आणि व्याज, ईएमआय आणि उरलेले हप्ते दिसायलाच हवेत. दर उतरला तर ईएमआय कमी करून न घेता तोच चालू ठेवा. वेगळे पैसे न भरताही लोन लवकर संपेल.

कधी जादा भरू नये?

- क्रेडिट कार्डची थकबाकी किंवा पर्सनल लोन असेल, तर आधी ते फेडा. त्यांचा व्याजदर होम लोनपेक्षा बराच जास्त असतो.
- सहा महिन्यांचा घरखर्च आणि ईएमआय एवढे पैसे बाजूला नसतील, तर आधी ते साठवा. एकदा लोनमध्ये भरलेले पैसे गरज पडल्यावर सहज परत मिळत नाहीत.
- जुन्या कर-पद्धतीत व्याजावर सवलत घेत असाल, तर तो हिशोबही करा. राहत्या घरासाठी ती वर्षाला २ लाखांपर्यंतच मिळते. नव्या पद्धतीत राहत्या घराच्या व्याजावर ही सवलत नाही.

शेवटचा हप्ता भरल्यावर

लोन संपलं की काम संपलं असं नाही. बँकेकडून नो ड्यूज सर्टिफिकेट घ्या, सोसायटीत बँकेचा बोजा नोंदवला असेल तर तो काढून घ्या आणि महिना-दोन महिन्यांनी सिबिल रिपोर्टमध्ये लोन 'क्लोज्ड' दिसतं का ते बघा. घराची मूळ कागदपत्रं पूर्ण परतफेडीनंतर ३० दिवसांत परत द्यावी लागतात. बँकेमुळे उशीर झाला, तर दिवसाला ५,००० रुपये भरपाई मिळते. हा नियम १ डिसेंबर २०२३ पासून लागू आहे. कागदपत्रं ताब्यात घेताना यादीशी एकेक पान जुळवून बघा आणि मगच सही करा.